आधी खोड सांगा!

गेल्या दिवाळीतली गोष्ट. वसुबारसेच्या संध्याकाळी माझा भाचा ओट्यावर येऊन बसला. चहा घेतला, इकडच्या तिकडच्या चार गोष्टी केल्या आणि मग खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरीत म्हणाला, "मामा, एवढं वाचून सांगा. घेऊ की नको?"

फोनवर एका कॅमेऱ्याचे चित्र होते. मागच्या काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेलेला. खाली किंमत: अडतीस हजार. आणि त्याखाली, कोर्टातल्या निकालपत्राच्या थाटात, तीन वाक्ये: 'वापरलेला. किरकोळ नुकसान. जसा आहे तसा, परत घेतला जाणार नाही.' विकणारा कोण, तर तिकडे दूर कुठल्या शहरातला, कधी पाहिलेला नाही, पुढे पाहायला मिळेल असेही नाही.

भाचा शिंदखेड्यात फोटो काढतो. शिंदखेडा, दोंडाईचा, नरडाणा, बेटावद एवढा त्याचा मुलूख. तुळशीचे लग्न लागले की त्याचा हंगाम सुरू होतो, आणि वसुबारस ते तुळशीचे लग्न या मधल्या पंधरवड्यातच त्याला काय तो निर्णय घ्यायचा होता. जुना कॅमेरा थकला होता. नवा, भिंगासकट घ्यायचा तर दीड-दोन लाखांची बात. जवळ होते पन्नास हजार, आणि एक जुने भिंग, जे विकून आणखी पाच-सात हजार उभे राहतील असा त्याचा हिशेब होता.

त्या भिंगाविषयी मला पुढे बोलायचे आहे. ते बोलायचे आहे म्हणूनच हा लेख लिहिला आहे.

ओट्यावर चर्चा निघाली म्हणजे ती एकट्या मामाची राहत नाही. आमच्या गल्लीतले एक पेन्शनर सद्गृहस्थ चप्पल फटफटवीत आले, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोन पाहिला आणि तात्काळ निवाडा दिला: "अरे, दिवाळीत कोणी मोडकं घेतं काय? धनत्रयोदशी उद्यावर आली! हप्त्यानं घे, पण नवं घे."

वाचकहो, 'पण नवं घे' हा आपल्या काळाचा महामंत्र झाला आहे. दिवाळी आली की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर देशाच्या बातम्या नसतात. 'जुने द्या, नवे घ्या' असते. ज्या खान्देशात फाटक्या लुगड्यांच्या गोधड्या तीन-तीन पिढ्या पांघरल्या गेल्या, जिथे फुटक्या माठात तुळस लावली जाते आणि नांगराचा फाळ झिजला तर लोहाराकडे शेवटून घेतला जातो, तिथल्या माणसांनीही मोडक्या वस्तूची लाज बाळगावी? माझा या मंत्राला स्पष्ट विरोध आहे, आणि तो काटकसरीच्या कंजूष बुद्धीने केलेला नाही.

हप्त्याचेच पाहा. लग्नाचा हंगाम काही महिन्यांचा. हप्ता बारा महिन्यांचा. आषाढात बँकेचा माणूस दाराशी येतो तेव्हा एकाही मांडवात शहनाई वाजत नसते. नवा कॅमेरा घरात आला म्हणजे हंगामात जो येईल तो भाव पत्करून लग्न घ्यावे लागते, कारण हप्ता भरायचा असतो. मालक कॅमेरा होतो आणि माणूस त्याचा गडी.

आणि नवे म्हणजे तरी काय? २०१८ साली निकॉनने आणि कॅननने, दोन महिन्यांच्या आत एकामागोमाग एक, बिनआरशाचे मोठे कॅमेरे बाजारात आणले. तेव्हापासून हौशी आणि धंदेवाईक, दोघेही त्या वाटेला लागले, आणि आरशाचे चांगले धडधाकट कॅमेरे लोकांनी कपाटातून काढून विकायला मांडले. आरसा होता म्हणून कालपर्यंत जे चित्र सुंदर येत होते, ते आज कुरूप येऊ लागले काय? नवरीच्या डोळ्यांतले पाणी कॅमेऱ्याचे साल विचारून खाली उतरत नाही.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी कोल्हापूरकडे पाहावे. आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू नाटकांचे पडदे रंगवीत. सिनेमाचे वेड लागले तेव्हा विलायतेहून नवा कॅमेरा मागवायची ऐपत नव्हती. त्यांनी तो स्वतः जुळवायला घेतला. १९१६ साली आनंदराव वारले; काम अर्धे राहिले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा चालता केला, आणि त्या घरच्या कॅमेऱ्यावर निघालेला 'सैरंध्री' १९२० साली पुण्यात लागला. पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटले. आमच्या गल्लीतले सद्गृहस्थ त्या वेळी कोल्हापुरात असते, तर 'हप्त्यानं नवा घे' असे सांगून त्यांनी मराठी सिनेमा दहा वर्षे मागे ढकलला असता!

तेव्हा मोडक्या वस्तूला माझी ना नाही. माझा राग आहे तो त्या तीन वाक्यांवर. 'किरकोळ नुकसान. जसा आहे तसा.' अरे बाबा, कसा आहे? तेच तर सांग!

आमचे गाव बुराई नदीच्या काठी वसले आहे. परगावचा, त्यातून हिंदी जाणणारा पाहुणा हे नाव ऐकून हसतो. मी त्याला सांगतो, हसू नका. आम्ही आमची बुराई नावातच सांगून टाकली आहे, तुमच्या नद्यांचे काय ते तुम्ही सांगा. हाच न्याय मला बाजारात हवा आहे.

तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला यात्रा भरते, तिथला घोडेबाजार साऱ्या मुलखात नावाजलेला. दोंडाईच्यावरून गेले की तापी ओलांडताच घोड्यांच्या रांगा दिसू लागतात. ज्याने तो बाजार पाहिला नाही त्याने जुनी वस्तू विकत घेण्यावर मत देऊ नये. घोडा म्हणजे वापरलेलाच माल. नवा कोरा घोडा कुठल्या कारखान्यात तयार होत नाही. गिऱ्हाईक आधी तोंड उघडून दात पाहते, मग खूर उचलून पाहते, अंगावरचे भोवरे मोजते, पुढून चालवते, मागून चालवते, आणि मन भरेना तर स्वतः वर बसून रपेट मारते. विकणारा रागावत नाही. उलट लहानपणी तिथे ऐकलेले एका व्यापाऱ्याचे अहिराणी बोल मला अजून आठवतात: "दात देखी ल्या, मंग बोला." बाजारात लबाड नव्हते असे मी म्हणत नाही, घोड्याच्या बाजारात लबाड नसतील तर असावेत कुठे? पण तिथे घोडा समोर उभा असतो आणि विकणाराही समोर उभा असतो. फोनवरच्या बाजारात घोड्याचे चित्र असते, आणि तेही ज्या बाजूने तो लंगडत नाही त्या बाजूने काढलेले.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही नीती सांगता. व्यवहार कायद्याने चालतो. बरे, कायदाच घेऊ. आपला करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या सतराव्या कलमात फसवणूक कशाला म्हणावे ते सांगितले आहे, आणि योगायोग असा की तिथेही उदाहरण घोड्याचेच दिले आहे! एकजण लिलावात घोडा विकतो; घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक आहे; तो गप्प राहतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. वाचून संताप येतो ना? मलाही आला होता. पण पुढे वाचा. विकत घेणारी विकणाऱ्याची स्वतःची नुकती वयात आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि त्यापुढचे उदाहरण तर सोन्याने मढवून ठेवावे असे आहे: घेणारा म्हणतो, 'तू नाही म्हणाला नाहीस, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन,' आणि विकणारा गप्प बसतो, तर ते गप्प बसणे बोलण्यासारखेच धरले जाते.

दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेले हे वाक्य आज माझ्या भाच्याच्या फोनला लागू पडते. विचारा! लेखी विचारा! 'मागच्या काचेशिवाय दुसरा दोष नाही, पडलेला नाही, पाण्यात भिजलेला नाही, असे धरून मी पैसे पाठवीत आहे. तसे नसेल तर कळवा.' एवढ्या एका ओळीने गप्प बसणाऱ्याच्या तोंडात शब्द येतो. मात्र तोच कायदा पुढे एकोणिसाव्या कलमात हेही बजावतो की, साधी खबरदारी घेऊन जे तुम्हाला कळले असते त्याबद्दल समोरच्याच्या मौनाकडे बोट दाखवून करार मोडता येणार नाही. म्हणजे विचारायचेही आणि पाहायचेही.

ग्राहक कायद्यावर फार विसंबू नका. २०१९ चा कायदा स्वतःच्या पोटासाठी, स्वतःच्या हाताने धंदा करणाऱ्याला ग्राहक मानतो, ही चांगली गोष्ट. दुकानातून घेतले तर माझा भाचा त्यात बसतो. पण २०२० साली आलेले ऑनलाइन विक्रीचे नियम, जो माणूस धंदा म्हणून नव्हे तर खाजगीरीत्या आपली एखादी वस्तू विकतो, त्याला लागू नाहीत. आणि मोडका कॅमेरा विकणारे बहुतेक असेच.

आता 'किरकोळ' या शब्दाचा समाचार घेतो. या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या जाती लपविल्या जातात. मागची काच तडकली, रबर सुटले, रंग उडाला, भिंगाच्या पुढच्या काचेवर एखादा ओरखडा आहे, हे घाव दिसायला मोठे आणि चित्राला जवळजवळ निरुपद्रवी. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा फोटोत सहसा उमटतच नाही. समोरून प्रखर उजेड आला तर थोडी झळाळी येईल इतकेच. हा माल खुशाल घ्यावा, आणि घावाचे पैसे चोख कापून घ्यावेत.

दुसरी जात नेमकी उलटी, वरून गोमटी. पाण्यात भिजलेला कॅमेरा आज चालतो, पण आतला गंज थांबत नाही; तो ऐन सप्तपदीला बंद पडण्यासाठी राखून ठेवलेला असतो. भिंगाच्या मागच्या काचेवरचा ओरखडा पुढच्यापेक्षा कितीतरी जास्त नडतो. बुरशीचे तर विचारूच नका. ती दमट, अंधाऱ्या, कोंदट कपाटात वाढते. आमच्याकडच्या कोरड्या उन्हात ती सहसा धरत नाही, म्हणून आमच्या पोरांना ती ओळखू येत नाही. समुद्रकाठच्या शहरातून आलेल्या भिंगातून टॉर्चचा उजेड आरपार टाकून पाहावा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतील. कोवळी असेल तर साफ होते. जुनी असेल तर तिने काचेवरचा लेप खाल्लेला असतो, आणि तो परत येत नाही. पडद्याच्या उघडझापेचेही तसेच. मध्यम प्रतीच्या कॅमेऱ्याची चाचणी दीड लाख उघडझापांची धरली, आणि त्यातल्या साठ हजार झाल्या असल्या, तर उरल्या नव्वद हजार. एका लग्नात तीन हजार फोटो म्हटले तर तीस लग्ने. त्यापुढचे देवाच्या हाती. हा हिशेब विकणाऱ्याने आकडा सांगितला तरच करता येतो. 'किरकोळ' या शब्दाला भागाकार करता येत नाही.

आणि सर्वांत वाईट, पडलेले भिंग. बाहेरून चकचकीत. आतली एखादी काच केसभर सरकलेली. त्याने काढलेला फोटो मध्ये स्वच्छ आणि एका बाजूला पुसट येतो. परीक्षा सोपी आहे: वर्तमानपत्राचे पान भिंतीवर सपाट चिकटवावे, भिंगाचे तोंड पूर्ण उघडे ठेवून समोरून नीट फोटो घ्यावा, आणि चारही कोपऱ्यांची अक्षरे वाचून पाहावीत. पाच मिनिटांचे काम.

ती पाच मिनिटे माझ्या भाच्याने एकदा वाचवली होती.

तेच हे भिंग. त्या दिवाळीच्या दोन वर्षे आधी त्याने ते असेच फोनवरून घेतले होते. 'उत्तम स्थिती, नव्यासारखे.' आले, चमकदार दिसले, कामाला लागले. त्याच उन्हाळ्यात त्याच्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले. स्वतः फोटोत यावे म्हणून त्याने कॅमेरा मित्राच्या हाती दिला. सगळे घर ओळीने उभे राहिले. माझी थोरली बहीण, त्याची आई, हिला कॅमेऱ्यापुढे उभे राहायची भारी अडचण. आयुष्यभर फोटो निघायच्या वेळी ती नेमकी चुलीपाशी असायची. त्या दिवशी मी तिला हात धरून आणली. ती आली आणि सवयीप्रमाणे अगदी कडेला, डाव्या टोकाला उभी राहिली.

पुढच्या वर्षी श्रावणात ती गेली. भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो तेव्हा तो एकच धड असा निघाला. मोठा करून आणला. मधले नवरा-नवरी लख्ख. मी स्वतः बऱ्यापैकी. आणि डाव्या कडेला, हिरव्या लुगड्यात, धुक्यातून पाहावी तशी ताई. डोळे कुठे ते कळते; डोळे दिसत नाहीत.

भाचा तेव्हा एक शब्द बोलला नाही. मी पण नाही.

ज्याने ते भिंग 'नव्यासारखे' म्हणून विकले त्याला हे कधी कळणार नाही. त्याला बहुधा चार-पाच हजार जास्त मिळाले असतील. माणूस दुष्ट होता असेही मी म्हणत नाही. त्याने फक्त एक वाक्य लिहायचे टाळले. लबाडीचा एवढा एकच प्रकार जगात असा आहे की तो करायला काहीच करावे लागत नाही.

तर त्या वसुबारसेला हे सगळे माझ्या मनात होते, आणि मी भाच्याला म्हणालो, "काच तडकलेला कॅमेरा घे. पण आधी त्याला लेखी विचार, उघडझापेचा आकडा माग, आणि जाऊन बघून घे. भाड्याचे हजार रुपये मी देतो." तो खूश झाला. मग म्हणाला, "आणि हे भिंग मी आजच टाकून देतो विकायला." त्याने लिहिलेला मजकूर मला दाखवला. 'उत्तम स्थिती.'

मी त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "मामा, मधे एकदम क्लिअर येतं. घेणाऱ्याला कळत पण नाही. खरं लिहिलं तर पाचचे दोन हजार येतील. आते काय करानं?"

वाचकहो, इथे पेन्शनर सद्गृहस्थांनीही मान डोलावली. "व्यवहार आहे," म्हणाले. बघा, नव्याचे भक्त आणि जुन्याचे लबाड शेवटी एकाच ओट्यावर बसलेले असतात! ज्याला वस्तू फक्त नवीच चालते, त्याला आपली वस्तू जुनी झाली हे कबूल करायची लाज वाटते. म्हणून तो 'नव्यासारखी' असे लिहितो. मोडक्या वस्तूची लाज आणि खोटी जाहिरात ही एकाच आईची लेकरे आहेत.

सरकारनेही अलीकडे दुरुस्तीच्या हक्काची भाषा सुरू केली आहे. २०२२ च्या जुलैत त्यासाठी समिती नेमली गेली, डिसेंबरात संकेतस्थळ उघडले. शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि मोटारगाड्या अशी चार क्षेत्रे त्यात धरली. कारखानदारांनी सुटे भाग आणि माहिती द्यावी ही मागणी रास्तच आहे, आणि मी तिच्या बाजूचा आहे. पण कारखानदाराकडून माहितीचा हक्क मागायचा आणि आपल्याच गिऱ्हाइकापासून दोष लपवायचा, हे कुठल्या तोंडाने? रोग सांगितला नाही तर दुरुस्ती करणारा तरी काय करील?

त्या रात्री मी भाच्याला रागावलो नाही. एवढेच म्हणालो, "लिहायचे ते लिही. पण पाठवायच्या आधी आत जाऊन भिंतीवरचा फोटो बघून ये."

तो आत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा ओट्यावर पणती लावून झाली होती. त्याने मजकूर खोडला आणि नवा लिहिला. मी तो शब्दशः सांगतो: 'हे भिंग पडलेले आहे. डावी बाजू पुसट येते. मधला भाग चांगला. एकट्या माणसाचा फोटो काढायला चालेल, घोळक्याचा काढू नका.' सोबत वर्तमानपत्राच्या पानाचा फोटो जोडला, डाव्या कोपऱ्यातली अक्षरे वाचता येत नाहीत असा.

आठ दिवसांत ते अठराशेला गेले. एका कॉलेजच्या मुलाने घेतले. त्याला मैत्रांचे चेहरे तेवढे काढायचे होते. तीन हजारांहून जास्त तोटा झाला, हे मी नाकारीत नाही. खरे बोलणे फायद्याचे असते असे सांगणाऱ्या कथा शाळेत मी पुष्कळ शिकवल्या. ही त्यातली नाही.

तडकलेल्या काचेचा कॅमेरा भाचा जाऊन, पाहून, घासाघीस करून पस्तीस हजारांना घेऊन आला. तडा अजून तसाच आहे, वर चिकटपट्टी लावली आहे, आणि त्यावर त्याने अख्खा हंगाम काढला. लग्नघरात कोणी विचारले, "काय हो, मोडका कॅमेरा?" तर तो म्हणतो, "हो, एवढाच मोडला आहे." आणि घोळक्याचा फोटो घेताना, कोणी म्हातारी कडेला जाऊन उभी राहिली, तर तिला हात धरून मध्ये आणतो.